‘मनी माय वावरमा गयी’ : हे वाचन चुकलं का?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा खानदेशात दुसरीच्या वर्गाला शिकवत होतो. फळ्यावर एक वाक्य लिहिलं, ‘माझी आई शेतात गेली.’ चित्र नाही, काही नाही, नुसतं खडूने लिहिलेलं वाक्य. एका मुलाला उभं केलं. त्याने थोडा वेळ ओठ हलवले आणि मोठ्याने म्हणाला, ‘मनी माय वावरमा गयी.’ सगळा वर्ग हसला. मीही हसलो आणि वाचनाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे फुली मारली.

एवढ्यावर थांबलो नाही. त्याच्या आईला बोलावून सांगितलं, ‘ताई, घरी अहिराणी बोलू नका. शुद्ध मराठी बोला, नाहीतर पोरगा मागे पडेल.’ महिन्याभराने ती भेटली तेव्हा म्हणाली, ‘सर, तुम्ही सांगितलं तसं बोलते. पण मग जास्त बोलताच येत नाही. ये, जेव, झोप, एवढंच होतं.’ मुलगा वर्गातही गप्प बसायला लागला होता.

माझं काय चुकलं, ते मला मेंदू आणि वाचन याविषयी वाचायला लागल्यावर कळलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं, कारण ही चूक मी एकट्याने केलेली नाही.

बोलणं आणि वाचणं वेगळं आहे

बोलणं मुलाला कोणी शिकवत नाही. आजूबाजूला माणसं बोलत असली की ते येतं. मुलाचा कान तर बोलता येण्याच्या कितीतरी आधी कामाला लागतो. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. इंग्रजी घरातल्या बाळांना त्यांनी आपल्या ‘त’ आणि ‘ट’सारखे हिंदीतले दोन आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. बघा, वर्षाच्या आतच मेंदू ठरवतो की घरात कोणते आवाज कामाचे आहेत. म्हणजे मूल पहिलीत येतं तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. घरच्या भाषेचे आवाज, शब्द आणि वाक्यं सहा वर्षांपासून तिथे मुरलेली असतात.

वाचनाचं तसं नाही. माणसाने लिहायला सुरुवात केली त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या कमी काळात वाचनासाठी मेंदूत वेगळी जागा तयार होणं शक्यच नव्हतं. स्तानिस्लास देआन या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की वाचायला शिकताना मेंदू जुन्याच जागेला नवं काम लावतो. डाव्या बाजूला, डोक्याच्या मागच्या-खालच्या भागात, वस्तू आणि चेहरे ओळखणारा प्रदेश आहे. त्यातलाच एक तुकडा हळूहळू अक्षरं ओळखायला लागतो आणि आवाज व अर्थ सांभाळणाऱ्या भागांशी जोडला जातो.

हे मोठेपणीही होतं. लखनौजवळच्या खेड्यांत तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना, त्यांतल्या बहुतेक स्त्रियांना, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. त्यांच्या मेंदूतल्या दृष्टीशी संबंधित खोलवरच्या भागांच्या कामातही फरक दिसला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता सांगा बरं, अक्षराला जोडायचं कशाशी? जो आवाज आणि जो अर्थ डोक्यात आधीच आहे त्याच्याशीच ना! ‘शे-ता-त’ असं मुलाने अगदी बरोबर उच्चारलं, पण ‘शेत’ हा शब्दच त्याने कधी ऐकला नसेल तर ते वाचन तोंडातच राहतं. माझ्या त्या विद्यार्थ्याने अक्षरं ओळखली, प्रमाण मराठीतला अर्थ पकडला आणि तो आपल्या भाषेत सांगितला. वाचन आणि भाषांतर, दोन्ही कामं एका दमात केली, आणि मी त्याला फुली दिली.

दोन भाषांनी गोंधळ होतो का?

पालकांची ही भीती जुनी आहे. एके काळी तज्ज्ञांनाही तसंच वाटायचं. मग १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमधली फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं आणि एकच भाषा येणारी मुलं यांची तुलना केली. दोन भाषांची मुलं मागे तर नव्हतीच, बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. आपल्याकडे हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती. शाळेत न गेलेल्या माणसांमध्येही हा फरक दिसला. हा अभ्यास २०१३ चा आहे.

म्हणून दोन भाषा आल्या की मूल हुशारच होतं असं मी म्हणणार नाही. त्यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. पण मेंदूत दोन भाषांची दोन बंद कपाटं नसतात. एक बोलताना दुसरीही जागी असते. म्हणून ‘आई’च्या जागी ‘माय’ येते. त्याला बिघाड समजू नका, दोन्ही भाषा चालू असल्याची ती खूण आहे.

मग आपण काय करायचं?

काही जण म्हणतील, ‘सर, परीक्षा प्रमाण मराठीत असते. उद्या नोकरीत इंग्रजी लागेल.’ अगदी खरं. प्रमाण मराठी शिकवायचीच, इंग्रजीही शिकवायची. पण घरच्या भाषेत भर घालून. ती काढून तिच्या जागी दुसरी बसवायला जाऊ नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं.

शिक्षकांनो, मूल चुकलं की आधी एवढं बघा : अक्षर चुकलं की शब्द बदलला? अक्षर चुकलं असेल तर आवाज आणि अक्षर यांची जोडी पक्की करा. ‘किती’मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसते, कानाला मात्र ‘क’ आधी येतो. मुलं तिथे अडखळणारच. शब्द बदलला असेल तर म्हणा, ‘शाब्बास, अर्थ बरोबर. पुस्तकात याला काय म्हटलंय?’ फळ्यावर ‘वावर’ आणि ‘शेत’ शेजारी शेजारी लिहा. अहिराणी निदान मराठीच्या जवळची आहे. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी पुस्तकातली मराठी जवळजवळ परकी भाषा असते. तिथे आधी भरपूर तोंडी काम आणि मग वाचन.

पालकांनो, तुम्हाला जी भाषा भरभरून बोलता येते तीच मुलाशी बोला. गोष्टी सांगा, भांडणं मिटवा, बाजाराचा हिशेब करा. मोडक्या इंग्रजीतल्या चार आज्ञांपेक्षा आपल्या बोलीतली अर्ध्या तासाची गप्पा-गोष्ट मुलाच्या वाचनाला जास्त उपयोगी पडते.

त्या ताईंना मी नंतर पुन्हा भेटलो आणि म्हणालो, ‘मी चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही घरी तुमचंच बोला.’ त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. तक्त्यातली ती फुली मात्र मला अजून दिसते. तुमच्या तक्त्यात अशा किती आहेत, उद्या एकदा बघा.