बालन्यायालयाचा खर्च कोणी सोसावा?

मुलांच्या न्यायाविषयी बोलताना आपण कायद्याची चर्चा पुष्कळ करतो, परंतु हिशेबाच्या वहीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. विषय रुक्ष खरा. शाळेच्या वार्षिकात तो कशाला, असेही कोणी विचारील. पण ज्या मुलांचा हा प्रश्न आहे ती आमच्या वाचकांच्याच वयाची आहेत, म्हणून तो येथे मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. आमचे म्हणणे असे की, चुकलेल्या मुलावरील खर्च कोणाच्या तिजोरीतून होतो, यावर ते मूल अखेर कोठे जाऊन पडते हे पुष्कळ अंशी ठरते. आणि म्हणून या खर्चाचा काही भार गावाने, म्हणजे नगरपालिकेने व जिल्हा परिषदेने, उचलला पाहिजे.

जगातील पहिले बालन्यायालय म्हणून ज्याचा सर्वत्र उल्लेख होतो, ते अमेरिकेत शिकागो शहरी 1899 साली सुरू झाले. शिकागो हे कुक काउंटीत आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. या न्यायालयाचा प्राण म्हणजे परिवीक्षा अधिकारी. मुलाच्या घरी जावे, आईबापांस व शिक्षकांस भेटावे, त्याची परिस्थिती न्यायाधीशांस सांगावी आणि त्यास घरीच ठेवून त्याजवर देखरेख करावी, हे त्याचे काम. परंतु ज्या कायद्याने हे पद निर्माण केले त्याच कायद्याने असेही ठरविले की, या अधिकाऱ्यास सार्वजनिक तिजोरीतून वेतन मिळू नये! प्राणप्रतिष्ठा करावी आणि नैवेद्य मात्र नाकारावा, असला हा प्रकार. तेव्हा शिकागोतील स्त्रियांनी वर्गणी जमवून हे पगार दिले. चौकशी चालू असता मुलांस तुरुंगात ठेवू नये म्हणून त्यांच्यासाठी एक घरही त्यांनी चालविले. 1905 साली कायदा बदलून काउंटीच्या पैशातून वेतन देण्याची सोय झाली, व 1907 साली न्यायालयासाठी व मुलांस ठेवण्यासाठी सार्वजनिक खर्चाने इमारत उभी राहिली. त्या स्त्रियांविषयी आम्हांस मोठा आदर आहे. पण न्यायासारखे काम वर्गणीवर किती दिवस चालावे?

आपल्याकडेही आरंभ काहीसा असाच झाला. मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा 1924 चा. आणि मुलांच्या सांभाळाचे काम हाती घेण्यासाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था मुंबईत 1927 साली स्थापन झाली.

पैशाची वाट मुलाची वाट कशी ठरविते, याचे ढळढळीत उदाहरण कॅलिफोर्निया राज्यात सापडते. तेथे काउंटीने मुलास राज्याच्या मोठ्या सुधारगृहात धाडले की जवळजवळ सर्व खर्च राज्याचा. आपल्याच देखरेखीखाली ठेवले तर खर्च काउंटीचा. 1996 पर्यंत अशा प्रत्येक मुलामागे काउंटीस महिन्याला केवळ 25 डॉलर भरावे लागत. घरचे मूल दूर पाठविणे स्वस्त आणि जवळ ठेवणे महाग! तत्पूर्वी 1965 साली राज्याने हा काटा उलट फिरविण्याचा यत्न करून पाहिला होता. न पाठविलेल्या प्रत्येक अपराध्यामागे काउंटीस 4,000 डॉलरपर्यंत साहाय्य ठेविले होते. पुढे 1997 च्या आरंभापासून मासिक आकार 150 डॉलर झाला, व सौम्य अपराधांच्या मुलांबाबत खर्चाचा अर्धा, पाऊण किंवा संपूर्ण भाग काउंटीवर पडू लागला. मग सुधारगृहांकडे जाणारी रांग भराभर आखडत गेली. त्या काळी गुन्हेही कमी होत होते, हे सांगितले पाहिजे. तरी सौम्य अपराधांच्या मुलांस दूर धाडणे काउंट्यांस एकाएकी परवडेनासे झाले, हेही तितकेच खरे. अखेर 30 जून 2023 रोजी राज्याची ती सुधारगृहे बंद झाली, व मुले राज्याच्या अनुदानासह काउंट्यांकडे सोपविण्यात आली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. 2015 च्या कायद्यान्वये बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत निदान एक स्त्री असावी लागते. मूल प्रथम हजर झाल्यापासून 15 दिवसांत त्याच्या परिस्थितीचा अहवाल यावा व चौकशी 4 महिन्यांत संपावी, असे कायदा सांगतो. कायदा उत्तम आहे. मिशन वात्सल्य योजनेनुसार खर्चाचे 60 टक्के केंद्र व 40 टक्के राज्य सोसते. नगरपालिकेचा वा जिल्हा परिषदेचा त्यात ठरीव वाटा नाही. म्हणून मंडळापुढे उभे राहिलेले मूल सरकारचे होते, गावाचे राहत नाही. वास्तविक त्याची गल्ली, त्याची शाळा, ज्या तालमीत वा ग्रंथालयात त्याची संध्याकाळ बरी जाईल ती जागा, ही सर्व गावातच असतात.

कोणी म्हणतील, नगरपालिकांस गटारे व रस्ते करण्यास पैसा पुरत नाही, त्यात हे नवे ओझे कशास? आक्षेप खरा आहे. श्रीमंत गावच्या मुलास चांगला अधिकारी व गरीब गावच्या मुलास कोणीच नाही, असे होऊ देता कामा नये. म्हणून मुख्य भार केंद्राने व राज्यानेच वाहावा, आणि गरीब जिल्ह्यांस अधिक द्यावे. दुसरी भीती अशी की, पैसे देणारा निकालातही बोट घालील, खर्च वाचविण्यासाठी कोणासही घरी सोडा म्हणेल. परंतु निकाल मंडळाचा आहे, नगरसेवकाचा नव्हे; वर्षारंभी रक्कम एकदा जमा झाली की कोणत्या मुलासाठी ती किती लागावी, हे विचारण्याचा अधिकार गावास असू नये.

आम्ही मोठी रक्कम मागत नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याचा जाण्यायेण्याचा खर्च, घरी सोडलेल्या मुलाची शाळेची फी व पुस्तके, एखाद्या धंदेशिक्षणाच्या वर्गातील जागा, एवढ्यापासून आरंभ करता येईल. नगरपालिकांची अंदाजपत्रके 31 मार्चपूर्वी तयार होतात. आमच्या वाचकांच्या पालकांनी आपापल्या नगरसेवकास गाठून, अंदाजपत्रकात या खर्चाची ओळ आहे काय, हे या वर्षी अवश्य विचारावे.