फीडर इतक्यात उतरवू नका

लेबर डे होतो, मुलांच्या शाळा सुरू होतात, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची धावपळ सुरू होते, आणि अमेरिकेतल्या कितीतरी अंगणांतून हमिंगबर्डचे फीडर उतरून गॅरेजमध्ये जातात. कारण विचारलं की उत्तर मिळतं, ‘आता खायला घालत राहिलो तर ते दक्षिणेला जायचेच नाहीत. थंडीत मरतील बिचारे.’

हेतू चांगला आहे, समजूत चुकीची. हा पक्षी निघतो तो दिवस लहान होत चालल्याच्या खुणेवरून, आणि ती खूण त्याच्या शरीराला कळते. तुमच्या साखरपाण्याच्या मोहाने निरोगी पक्षी मुक्काम वाढवत नाही. म्हणून विनंती एवढीच की फीडर राहू द्या. मात्र ठेवाल तो स्वच्छ ठेवा.

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत घरटं करणारा हमिंगबर्ड एकच, रूबी-थ्रोटेड. नराचा गळा माणकासारखा लाल असतो, आणि उन्हाळाभर आपण त्यालाच ओळखत असतो. पिल्लांच्या संगोपनात नराचा काही वाटा नसतो, त्यामुळे जुलैअखेरीपासून तो निघायला लागतो. मागून माद्या जातात आणि सगळ्यात शेवटी त्या वर्षीची पिल्लं. लाल गळा दिसेनासा झाला की आपल्याला वाटतं, हंगाम आटोपला. खरं तर सप्टेंबरात फिक्या गळ्याचे जे पक्षी फीडरवर येतात, त्यांतले बरेचसे आपल्या अंगणातले नसतातच. कॅनडातून, वरच्या राज्यांतून खाली येणारे हे वाटसरू एखाददुसरा दिवस थांबतात आणि पुढे जातात. आज आलेला आणि उद्या येणारा एकच असेल असं धरून चालू नका. त्यात पहिल्यांदाच निघालेली पिल्लं असतात. आई सोबत नाही, थवा नाही, वाट पूर्वी पाहिलेली नाही.

जायचं कुठे, तर मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून पार पनामापर्यंत. काही पक्षी टेक्सासच्या किनाऱ्याकिनाऱ्याने उतरतात. तिथल्या रॉकपोर्ट गावात दर सप्टेंबरला त्यांच्यासाठी उत्सव भरतो. काही थेट मेक्सिकोच्या आखातावरून उडतात, म्हणजे मध्ये कुठेही न टेकता सुमारे 800 किलोमीटर. एरवी तीन ग्रॅमच्या आसपास असलेला हा जीव त्याआधी चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतो. उत्तरेकडे फुलं ओसरत असताना त्याला ही पुंजी जमवायची असते. तुमच्या फीडरचा खरा उपयोग होतो तो तेव्हा.

आता साखरपाण्याचं. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. ढवळा, साखर विरघळली की झालं. गरम पाण्यात केलंत तर पूर्ण निवल्यावरच भरा. पाक करायचा नाही. आपल्या हाताला पौष्टिक करण्याची सवय असते, तिला इथे आवर घाला. गूळ नको, ब्राउन शुगरही नको, कारण त्यांतलं लोह या पक्ष्याला मानवत नाही. मध तर मुळीच नको, पाण्यात कालवला की त्यात बुरशी भराभर वाढते. लाल रंगाची गरज नाही, फीडरचा लाल भाग त्याला दुरून दिसतो. शुगर-फ्री गोळ्यांतून त्याला काहीच मिळत नाही. प्रथिनांची काळजीही तुम्ही करू नका. ती तो चिलटं आणि बारीक कोळी खाऊन मिळवतो, फक्त अंगणात कीटकनाशक फवारून त्याचं ते ताट काढून घेऊ नका.

स्वच्छतेबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. कडक उन्हाळा असेल तर दर दोन दिवसांनी, हवा गार झाली की चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं, मग ते प्यायलं गेलं असो वा नसो. उरलेल्यात नवं ओतायचं नाही. फीडर सगळा सुटा करून गरम पाण्याने ब्रशने घासा. छिद्रांत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. पाण्यात व्हिनेगर घालून भाग बुडवून ठेवा, मग भरपूर पाण्याने खळखळून धुवा. फीडर विकत घेताना रूप पाहू नका, किती सहज सुटा होतो ते पाहा. काचेचे नक्षीदार फुगे दुकानात सुंदर दिसतात, पण त्यांच्या आत हात जात नाही आणि ब्रशही जात नाही. अर्ध्या कपाचा साधा बशीसारखा फीडर त्यांच्यापेक्षा केव्हाही बरा. भारतातून आलेले आईबाबा घरी असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या, आपल्यापेक्षा नेमाने करतील.

आणि हे सगळं जमणार नसेल तर फीडर लावूच नका. आंबलेलं पाणी पाजण्यापेक्षा काही न पाजलेलं चांगलं. त्याऐवजी फुलझाडं लावा. कार्डिनल फ्लॉवर, कोरल हनीसकल ही इथली स्थानिक झाडं त्याला आवडतात. ओलसर कोपरा असेल तर ज्यूएलवीड वाढू द्या. ते आपल्या तेरड्याचंच भावंड आहे, शेंग पिकल्यावर बोट लावताच तशीच फुटते, आणि नेमकं स्थलांतराच्या दिवसांत नारिंगी फुलांनी भरतं.

एकच पक्षी फीडर अडवून बाकीच्यांना हुसकावतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, तो स्वभावच आहे. दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असा टांगा. काचेवर आपटून पक्षी मरतात, म्हणून फीडर खिडकीपासून एक मीटरच्या आत ठेवा, नाहीतर चांगला दहा मीटर लांब. मुंग्यांसाठी वर पाण्याची वाटी अडकवा, तेल-ग्रीस कुठेही फासू नका, ते पिसांना लागतं. फीडरवर मोठा प्रार्थनाकीटक दबा धरून बसलेला दिसला तर त्याला उचलून दूरच्या झुडपात सोडा. तो हमिंगबर्ड पकडतो, ही अतिशयोक्ती नाही.

गार पहाटे एखादा पक्षी फीडरला निश्चल, अगदी उलटासुद्धा लटकलेला दिसेल. मेला म्हणून काढायला जाऊ नका. शक्ती वाचवण्यासाठी रात्री तो शरीराचं तापमान आणि हृदयाची गती खूप खाली आणतो, आणि जागं व्हायला त्याला वेळ लागतो. त्याला हात न लावणंच बरं. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली त्याला पकडणं, बाळगणं, त्याचं घरटं घरी आणणं हेही गुन्हे आहेत.

फीडर ठेवण्याचं आणखी एक कारण दिवाळीच्या सुमाराला कळतं. पूर्वेकडे तोवर रूबी-थ्रोटेड बहुतेक गेलेले असतात. तरीही तुमच्याकडे एखादा आला, तर तो उशीर झालेला आपला पाहुणा असेल किंवा पश्चिमेकडचा रूफस हमिंगबर्ड असेल. रूफस घरटं करतो वायव्येकडे, थेट अलास्कापर्यंत. हिवाळ्याला मुख्यतः मेक्सिकोत जातो, पण काही आग्नेयेकडच्या राज्यांत येतात. आधी लोक त्यांना वाट चुकलेले, आता मरणार, असं समजत. मग जानेवारी 2010 मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीत एका रूफसच्या पायात ओळखीचं कडं घातलं गेलं, आणि त्याच वर्षी जूनच्या शेवटी तोच पक्षी अलास्कातल्या चेनेगा बे इथे पुन्हा हाती आला. अंतर साडेतीन हजार मैलांहून जास्त. हिवाळा काढून तो आपल्या घरी पोहोचला होता. पायात कडं घालायला सरकारी परवाना लागतो, पण फोटो तुम्ही काढू शकता. पाठ आणि पसरलेली शेपटी दोन्ही दिसतील असा काढा, तारीख लिहा आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा. कुणाच्या घराचा पत्ता मात्र विचारल्याशिवाय जाहीर करू नका.

किती दिवस ठेवायचा, तर शेवटचा पक्षी दिसल्यानंतर दोन आठवडे. न्यू जर्सी किंवा ओहायोत हे ऑक्टोबरच्या मध्याच्या पुढेमागे येईल. रूफसची आशा असेल तर थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबा. ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्सच्या पट्ट्यात हिवाळाभर राहू द्या. सिअ‍ॅटल किंवा बे एरियात तर उतरवण्याचा प्रश्नच नाही, तिथे अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारा महिने राहतो. पारा शून्याखाली जाणार असेल त्या रात्री फीडर आत घ्या आणि उजाडायच्या आत परत टांगा, कारण रात्रभराच्या उपासानंतर तो सर्वात आधी तिथेच येतो.