परवानगी संपली, पासवर्ड उरला

माहेर धुळ्याचे, सासर जळगावचे. साखरपुड्यात मिळालेल्या नव्या मोबाइलवर ई-मेलचे खाते भावी पतीनेच उघडून दिले. पासवर्डही त्यानेच ठरविला. चार वर्षांनी संसार मोडला आणि मुलगी धुळ्याला परतली. पुढे घटस्फोटाच्या दाव्यात पतीने जे उत्तर दाखल केले, त्यात तिने केवळ आपल्या वकिलांना आणि बहिणीला लिहिलेला मजकूर दिसू लागला. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले, की घर सुटले तरी त्या घरातील एक खिडकी तिच्या खात्यात अजून उघडीच आहे.

उदाहरण कल्पित आहे. परंतु ज्या कुटुंबांत एकच मोबाइल चौघे हाताळतात, तेथे ते अशक्य वाटू नये. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो हा: "पासवर्ड तर मीच सांगितला होता, मग तक्रार कशी करणार?"

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये पासवर्ड ठाऊक होता की नाही, हा प्रश्न नाही. प्रवेशास परवानगी होती की नाही, हा आहे. परवानगी देणाऱ्यास ती काढूनही घेता येते. ती काढून घेतल्याचे एका संदेशाने लेखी कळवून ठेवावे, म्हणजे पुढे वाद उरत नाही. विवाहाच्या नात्यानेही ही परवानगी आपोआप मिळत नाही.

याचा प्रत्यय आपल्याच राज्यातील एका प्रकरणात आला. एका सुनेने पती व सासरे यांच्या ई-मेल खात्यांत शिरून मजकूर मिळविला आणि तो आपल्या छळाच्या तक्रारीसाठी वापरला. सासऱ्यांनी महाराष्ट्राच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. २०११ मध्ये निर्णय झाला: परवानगीविना खाते उघडणे हा कलम ४३ चा भंगच होय. मात्र तो मजकूर तिने फक्त पोलीस आणि न्यायालय यांनाच दिला होता, म्हणून नुकसानभरपाई मंजूर झाली नाही. हा निर्णय दोन्ही बाजूंनी वाचावा. कायदा सुनेलाही लागू आहे आणि जावयालाही; आणि मिळविलेल्या मजकुराचे पुढे काय केले, यालाही महत्त्व आहे.

आता मार्ग पाहू. पहिला भरपाईचा. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. दुसरा फौजदारी. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड तशाच हेतूने वापरल्यास कलम ६६ग अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड. स्त्रीच्या इंटरनेट वा ई-मेलच्या वापरावर पुरुषाने पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली 'पाठलाग' ठरतो. पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत, पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिसरा मार्ग कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियम, २००५ चा. दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊन पतीस फोन वा संदेशाद्वारे संपर्क साधण्यासही मनाई करू शकतात. स्त्री तात्पुरती राहते तेथेही हा अर्ज चालतो. म्हणून धुळ्याला परतलेल्या लेकीला त्यासाठी जळगावच्या फेऱ्या मारण्याचे कारण नाही. मात्र नुसता साखरपुडा मोडला असेल आणि दोघे एका घरात राहिलेच नसतील, तर हा मार्ग मिळत नाही. पहिले दोन मिळतात.

तक्रार कोठे करावी? जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या कोणत्याही ठाण्यात. हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची नोंद नाकारता येत नाही. ती शून्य क्रमांकाने घेऊन योग्य ठाण्याकडे पाठविली जाते. नोंद न झाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० वर फोन करावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो.

या साऱ्याच्या आधी एक काळजी घ्यावी. संतापाच्या भरात सर्व काही पुसून टाकू नये. प्रथम खात्याच्या सुरक्षा विभागातील उपकरणांची यादी, प्रवेशाची वेळ आणि व्हॉट्सॲपची 'लिंक्ड डिव्हाइसेस' ही नोंद यांची छायाचित्रे घ्यावीत. मग विश्वासातील, वेगळ्या मोबाइलवरून पासवर्ड बदलावा, पुनर्प्राप्तीसाठी दिलेला क्रमांक व ई-मेल तपासावा, अनोळखी उपकरणे काढून टाकावीत. मूळ मोबाइल जपून ठेवावा. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

आणि सूड म्हणून त्याचे खाते उघडू नये. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीतील संभाषणाचे गुप्त ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून स्वीकारता येईल, असे म्हटले. त्या निकालाने दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याची मुभा दिलेली नाही.

घरातील वडीलधाऱ्यांसही एक विनंती. समाजात बोलबाला नको, चार माणसांत बसून मिटवू, ही आपली भावना समजण्याजोगी आहे. समेट जरूर करावा. परंतु बोलणी महिनोन्महिने लांबतात आणि तोवर प्रवेशाच्या नोंदी राहतीलच असे नाही. पुरावा जपून ठेवल्याने समेट बिघडत नाही. विभक्त होताना आपण दागिन्यांची, भांड्यांची, कागदपत्रांची यादी करून एकेक वस्तू मोजून परत घेतो. त्या यादीत आता खात्यांची आणि पासवर्डचीही एक ओळ असू द्यावी, आणि तिच्यापुढे दोघांचीही सही असावी.