सरासरीत न दिसणारा मजूर

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना एका ग्रहाला एकच धंदा नेमून द्यायला आवडतं. आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’मधला ट्रँटर म्हणजे नुसती राजधानी; तिचं पोट भरायला वीस शेतकरी ग्रह राबतात. अशा एखाद्या शेतीच्या ग्रहावर शेजारच्या युद्धातून पळालेल्यांची यानं उतरू लागली तर काय होईल? कथांमधलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: कोठारं रिकामी होतात, मूळचे लोक बिथरतात आणि ‘आपले’ विरुद्ध ‘आलेले’ अशा दोन फळ्या पडतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. पहिली फूट पडते ती ‘आपल्यां’मध्येच, ज्याच्याकडे जमीन आहे तो आणि जो त्याच्या बांधावर रोजानं जातो तो, यांच्यात. ती डोळ्यांवर येत नाही, कारण मजूर निर्वासितावर चिडतो आणि जमीनवाल्याला गप्प राहणं परवडतं.

हे ताडून पाहायला अंतराळात जायची गरज नाही. टांझानियाचा कागेरा प्रांत पुरे. केळी, घेवडा, कसावा, थोडी कॉफी असा हा शेतीचा मुलूख. 1994च्या एप्रिल अखेरीस रवांडातून रुसुमोच्या पुलावरून 24 तासांत सुमारे अडीच लाख माणसं इकडे आली. एन्गारा जिल्ह्यात थोड्याच काळात निर्वासितांची संख्या स्थानिकांपेक्षा जास्त झाली. योगायोग असा, की एड्समुळे घरात होणाऱ्या मृत्यूंचा कुटुंबाच्या मिळकतीवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी जागतिक बँकेच्या मदतीनं 1991पासून कागेरातल्या नऊशेहून अधिक घरांची पाहणी चालू होती. 2004मध्ये तीच कुटुंबं पुन्हा शोधून काढली गेली. लोंढ्याच्या आधी आणि नंतर तीच घरं कुठे होती, हे सांगणारा असा पुरावा क्वचितच हाती लागतो. एरवी निर्वासितांवरचे वाद अंदाजांवरच लढले जातात.

या आणि आसपासच्या माहितीवरून संशोधकांनी जे निष्कर्ष काढले ते सरळ नाहीत. जेनिफर अॅलिक्स-गार्सिया आणि डेव्हिड साह यांनी बाजारभाव तपासले. मदतीत जे धान्य वाटलं जात होतं त्याचे भाव फारसे हलले नाहीत. पण शिध्यात नसलेल्या खाण्याच्या जिनसा, उदाहरणार्थ कच्ची केळी, चांगल्याच महागल्या. त्यात नवल नाही. रोज मका खाऊन कंटाळलेला माणूस थोडा मका विकून केळीच घेणार. छावण्यांजवळच्या ग्रामीण घरांची स्थिती सुधारली, शहरी घरांची खालावली. पुढे ज्याँ-फ्रांस्वा मेस्टाट आणि फिलिप व्हरविम्प यांनी गावातल्या गावात फरक केला, तेव्हा स्वतःची शेती असलेले फायद्यात निघाले आणि शेतमजूर तोट्यात. कारण उघड आहे. शेतमालाला गिऱ्हाईक वाढलं आणि शेतात राबायला स्वस्तात माणूस मिळू लागला. दोन्ही गोष्टी जमीनवाल्याच्या पथ्यावर पडल्या. मजुराला मात्र महागलेली केळी विकत घ्यायची होती, आणि तीही घसरलेल्या रोजात.

यावर पहिला आक्षेप येतो तो निर्वासितांची बाजू घेणाऱ्यांकडून. एकंदरीत गावांचं भलंच झालं, रस्ते सुधारले, बाजार वाढले, मग रडगाणं कशाला? एकंदरीत भलं झालं हे मला मान्य आहे. पण सरासरी कोणाच्याही चुलीवर शिजत नाही. सरपणाचंच बघा: छावण्यांभोवतीचं रान लाखो चुलींसाठी तुटत गेलं, आणि मैलोन्‌मैल पायपीट वाढली ती सरपण विकत घेऊ न शकणाऱ्या घरांतल्या बायकांची.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असा हिशेब मांडला की तो दरवाजे बंद करू पाहणाऱ्यांच्या हाती आयताच पडतो, असं म्हणतात. टांझानियाचा इतिहास मला उलटं सांगतो. राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या काळात हा देश निर्वासितांना जमीन देणारा म्हणून ओळखला जाई. 1980च्या सुमारास हजारो रवांडींना त्यानं नागरिकत्व दिलं, आणि निर्वासितांसाठीच्या कामाबद्दल दिलं जाणारं नॅन्सन पदक 1983मध्ये न्येरेरे यांना मिळालं. त्याच देशानं मार्च 1995मध्ये बुरुंडीची सीमा बंद केली, डिसेंबर 1996मध्ये लष्कराच्या बळावर रवांडींना परत धाडलं आणि 1998च्या कायद्यानं निर्वासितांना छावण्यांत कोंडलं. छावण्यांमध्ये रवांडातल्या नरसंहारातले शस्त्रधारी मारेकरीही लपले होते, हे कारण खोटं नव्हतं. पण मधल्या काळात, 1995मध्ये, बहुपक्षीय निवडणुकाही झाल्या होत्या. मजुराच्या तोट्याचं नाव घ्यायला कोणी तयार नसलं की त्याच्या रागाचा भाव राजकारणी ठरवतात, आणि तो राग निर्वासितावर निघतो.

म्हणून खरा प्रश्न ओझं किती हा नसून ते कोणाच्या खांद्यावर पडतं हा आहे. आपल्याकडे 1971मध्ये त्रिपुराची लोकसंख्या साडेपंधरा लाख आणि तिथे पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित चौदा लाखांच्या आसपास. तेव्हा देशभर पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लागू झालं. सीमेपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या महाराष्ट्रातल्या घरांनीही ते चिकटवलं. ओझं वाटून घेण्याची ती चांगली पद्धत होती. मात्र त्या वेळी धोरण छावणीत शिधा देऊन माणसं परत पाठवण्याचं होतं आणि युद्ध संपताच बहुतेक जण परतलेही. मुक्काम लांबला असता तर पाच पैशांनी मजुराचा रोज सावरला नसता.

मुक्काम लांबतो तिथे काय करायचं, यावर युगांडाचं नाव हमखास निघतं आणि ते योग्यच आहे. 2006च्या कायद्यानं तिथे निर्वासितांना काम करण्याचा आणि हिंडण्याफिरण्याचा हक्क मिळाला. मदतीतला सुमारे 30 टक्के भाग यजमान गावांसाठी ठेवण्याचं धोरण आहे. 2016मध्ये दक्षिण सुदानमधल्या लढाईनंतर बिडी बिडी वसाहत उभी राहिली तेव्हा कुटुंबाला साधारण तीस मीटर बाय तीस मीटरचा तुकडा मिळाला, म्हणजे आपल्या मापानं जेमतेम नऊ गुंठे. यजमानांच्या वाट्यातून शाळा, विहिरी, दवाखाने होतात. चांगलंच आहे, पण मजुरीचा दर त्यानं सुटत नाही. मला विचाराल तर त्या पैशाचा मोठा भाग रोजगार हमीसारख्या कामांवर लावावा: बंधारे, झाडं, रस्ते, ठरलेला रोज, आणि कामावर स्थानिक मजूर व निर्वासित दोघेही. दुष्काळात कामाला हात उदंड होतात तेव्हा मजुरीला तळ हवा, हे महाराष्ट्रानं 1972नंतर अनुभवलेलं आहे.

पैसा कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांनी एवढं पाहावं, की तो आजही कोणीतरी भरतोच आहे. देणगीदारांनी हात आखडता घेतल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमानं युगांडातला शिधा 2020पासून अनेकदा कापला. शिधा कमी झाला की नऊ गुंठ्यांवर भागत नाही. माणूस शेजारच्या गावात जातो आणि मिळेल त्या रोजावर कुदळ उचलतो. अन्न कार्यक्रमाच्या रोममधल्या कार्यालयात कापलेल्या रकमेचा एक हिस्सा अशा रीतीनं त्या गावातला मजूर आपल्या कमी झालेल्या रोजातून भरतो, आणि तो कोणत्याच अंदाजपत्रकात देणगी म्हणून नोंदला जात नाही.