मुलाची नजर पडद्यावरून केव्हा हटते

मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एखादा भाग फसला की साधला, हे ठरवण्याचा अधिकार मोठ्या माणसांनी स्वतःकडे घेतलेला आहे आणि या विषयावरील चर्चेची पहिली गफलत तिथेच होते. भाषा शुद्ध आहे का, माहिती बिनचूक आहे का, संस्कार पोचतात का, हे मोठी माणसे पाहतात. मूल यांपैकी काहीही तपासत नाही, कंटाळले की ते पडद्यावरची नजर काढून दारातल्या शेळीकडे वळवते आणि त्याच्या दृष्टीने तो भाग तिथेच संपतो. फसलेला भाग म्हणजे वाईट हेतूने केलेला भाग नव्हे. गाणे, चित्रे, हसरी मुले, पाठ्यपुस्तकातला धडा असे सगळे जागच्या जागी असूनही मूल ज्यातून निसटते, तो फसलेला भाग.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत मोठा पट २० जुलै २०२० रोजी उलगडला. कोरोनाच्या साथीमुळे मार्चपासून शाळांना कुलपे होती आणि एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली ‘टिलीमिली’ ही मालिका त्या दिवसापासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवी या इयत्तांसाठी प्रत्येकी ६० असे ४८० भाग, प्रत्येक भाग सुमारे पंचवीस मिनिटांचा आणि आधार बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांचा, अशी तिची आखणी होती. या मालिकेची बलस्थाने आधी नोंदवली पाहिजेत, कारण ती खरोखर मोठी आहेत. नेवासा तालुक्यातील घोडेगावसारख्या गावात घरातला एकमेव स्मार्टफोन कर्त्या माणसाच्या खिशात शेतावर किंवा बाजारात जातो, त्यामुळे तिथे ऑनलाइन वर्ग हा शब्दच पोकळ ठरत होता. सह्याद्री वाहिनीला मात्र ना इंटरनेट लागत होते, ना रिचार्जची चिंता. दुसरे असे की, फळ्यापुढे उभे राहून बोलणाऱ्या शिक्षकाचे चित्रण करून वेळ मारून नेण्याचा सोपा मार्ग या मालिकेने नाकारला. मूल हे रिकामे भांडे नसून स्वतःच्या अनुभवातून ते ज्ञान रचत जाते, या विचाराला शिक्षणशास्त्रात ज्ञानरचनावाद म्हणतात. त्याला धरून घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू हाताळत शिकण्याच्या कृती मालिकेने पुढे ठेवल्या.

परंतु या बळातच दुबळेपणाही दडलेला होता. घरालाच शाळा मानणाऱ्या भागाला मुलाशेजारी एक मोकळे मोठे माणूस लागते. जुलै-ऑगस्टात घोडेगावच्या शिवारात कपाशीची खुरपणी चालू असते आणि सकाळी भाकरी बांधून गेलेली आई दिवस कलल्याशिवाय घरी येत नाही; मग पडद्यासमोर उरतात ती दुसरी, चौथी आणि सातवीतली भावंडे व त्यांच्यावर लक्ष ठेवणारी आजी. त्यातच कृतीवर आधारलेल्या कोणत्याही भागाला दूरचित्रवाणीची एक जन्मजात अडचण नडते, ती म्हणजे पडदा थांबत नाही. करून पाहा, असे सांगितल्यावर घरातले मूल वाटाणे शोधायला स्वयंपाकघरात जाते आणि ओंजळ भरून परत येते, तोवर पडद्यावरच्या मुलाने दहाचे गट पाडून बेरीजही संपवलेली असते. प्रत्यक्षातले मूल चुकते, पुन्हा मोजते, वाटाणा खाटेखाली गेला म्हणून रडकुंडीला येते. पडद्यावर त्या चुकीला जागा नसेल तर बघणाऱ्या मुलाला आपणच मागे पडलो असे वाटते. हा दोष आशयाचा नाही, तो रचनेचा आहे, आणि संहिता कितीही वेळा वाचली तरी तो कागदावर दिसत नाही.

तो दिसतो मुलाला बघताना. अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ ही मालिका १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली, त्याआधी त्याच उन्हाळ्यात तिचे पाच नमुना भाग लहान मुलांना दाखवण्यात आले. एडवर्ड पामर या संशोधकाने दूरचित्रवाणी संचाशेजारी दुसरा एक पडदा ठेवला, त्यावर दर साडेसात सेकंदांनी नवे चित्र येई, आणि मुलाची नजर कोणत्या क्षणी कुठे आहे याची नोंद निरीक्षक ठेवत असे. बाहुल्या आल्या की नजर खिळे, मालिकेतल्या रस्त्यावरची खरी माणसे आपसांत बोलू लागली की ती शेजारच्या चित्रांकडे पळे. खरी माणसे आणि बाहुल्या एकत्र दाखवू नयेत, असा तज्ज्ञांचा सल्ला होता; नोंदी पाहून निर्मात्यांनी तो बाजूला सारला, आणि बिग बर्ड हा उंच पिवळा पक्षी व कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर त्या रस्त्यावर आले.

याच मालिकेने १९९२ मध्ये घटस्फोटावर एक भाग तयार केला. स्नफी या लोकरी हत्तीसारख्या पात्राचे आईवडील वेगळे होतात, तरीही दोघांचे त्याच्यावर प्रेम आहे, असे मोठी माणसे त्याला समजावतात, हा त्याचा आशय होता. विषय प्रामाणिक होता, लेखन तज्ज्ञांच्या सल्ल्याने झालेले होते. प्रक्षेपणापूर्वी तो शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना दाखवला, तेव्हा त्यांनी उलटाच अर्थ घेतला: वडील आता कधीच भेटणार नाहीत, आणि आईबाबा भांडले म्हणजे घर मोडणारच. चित्रित झालेला तो भाग दाखवायचाच नाही, असे ठरले. वाया गेलेल्या खर्चाहून समोर बसलेल्या मुलाची भीती मोठी मानली गेली, यात त्या संस्थेची खरी प्रतिष्ठा आहे.

महाराष्ट्रात असे काही घडू शकले असते ते पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’त. उपग्रहामार्फत शाळकरी मुलांपर्यंत कार्यक्रम पोचवण्यासाठी १९८४ मध्ये सुरू झालेली ही राज्य संस्था बालभारतीच्या शेजारी तीन दशके टिकली आणि २०१७ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी राज्यातल्या प्रत्येक मुलाला घरबसल्या कार्यक्रमाची गरज पडली. मुले घरोघर अडकलेली, हाती चार महिने, अशा वेळी भाग आधी मुलांना दाखवून सुधारण्यास फारसा वाव नव्हता. ‘टिलीमिली’च्या उणिवा मोजताना ही गोष्ट विसरणे अन्यायाचे होईल. मात्र तीन दशकांची निर्मितीची सवय आणि चुकांची आठवण हाताशी असती, तर त्या चार महिन्यांचे मोल कितीतरी वाढले असते. संस्था बंद करताना इमारतीचा हिशेब होतो, या आठवणीचा होत नाही.

आशयाच्या बाबतीतही घोडेगावच्या मुलाचे ऐकण्यासारखे बरेच आहे. गावचा जनावरांचा बाजार, त्यातही म्हशींचा, दूरवर प्रसिद्ध आहे. तिथे जनावराचे वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात न पडलेले ते आदत. मग खालच्या जबड्यातले पक्के दात जोडीजोडीने येतात, त्यानुसार दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जनावर जुळले असे म्हणतात. बाजारात वडिलांसोबत फिरणाऱ्या मुलाला बेचा पाढा असा जनावराच्या तोंडात भेटलेला असतो, आणि दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतो तेव्हा तोंडी हिशेबाचा धडाही त्याच्यासमोरच चालू असतो. या मुलासाठी केलेल्या भागात एक म्हैस, तिचा खालचा ओठ खाली ओढणारा एक हात आणि मोजताना एकदा चुकणारी एक मुलगी असावी. ती चूक संपादनात कापू नये.

असा भाग तयार झाला, तर पामरच्या त्या दुसऱ्या पडद्याची घोडेगावात गरज नाही. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून दुसरीच्या मुलांना संचासमोर बसवावे. म्हशी भरलेले टेम्पो खिडकीखालून जातच राहतील, आणि कोणाची मान कितव्या मिनिटाला तिकडे वळली, एवढेच शेजारी बसलेल्या शिक्षिकेने वहीत लिहून ठेवावे.