अमानत, इसराफ आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. ठरावीक काळाची वाढीव सोय सोडली, तर त्यासाठीची सुरक्षा-दुरुस्ती आता बंद आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारण २०१८ आधीच्या बहुतेक लॅपटॉपवर ते नियमानुसार बसत नाही. आमच्या बेलापूरसारख्या गावात शिक्षकांकडे आणि विद्यार्थ्यांच्या घरी असे लॅपटॉप बरेच आहेत, काही सेकंडहँड घेतलेले, काही नातेवाइकाने वापरून दिलेले. त्यांचे करायचे काय?

दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात. नवा घ्या, नाहीतर दुकानातून फुकटचा ‘क्रॅक’ टाकून आणा. पहिल्या उत्तरात धडधाकट यंत्र भंगारात जाते. याला आपल्या दीनमध्ये इसराफ म्हणतात, म्हणजे उधळपट्टी. दुसरे उत्तर त्याहून वाईट. मुलांना अमानत आणि हलाल कमाई शिकवायची, कॉपी करू नका म्हणून बजावायचे, आणि त्याच परीक्षेची प्रश्नपत्रिका चोरीच्या सॉफ्टवेअरवर टाइप व्हायची, हे जुळत नाही. मुले बोलत नसली तरी पाहत असतात.

माझ्या मते तिसरे उत्तर सरळ आहे : लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला आणि पुढे तो सर्वांसाठी खुला केला. वापरा, वाटा, बदला, कायद्याने मुभा आहे. ज्ञान वाटल्याने वाढते असे आपण म्हणतो, त्याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. शिवाय हे परके नाही. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो.

‘पण मराठी-उर्दूचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनी, घडवलेले लोहित फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आणले. आज मराठी इनस्क्रिप्ट आणि उर्दू फोनेटिक कळफलक लिनक्समध्येच मिळतात. उर्दू सुरुवातीला नस्खमध्ये दिसली, तर नोतो नस्तालीक हा फाँट मोफत बसवता येतो. लिबरऑफिसच्या एकाच पानावर डावीकडून मराठी आणि उजवीकडून उर्दू लिहिता येते. द्विभाषिक प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला आणखी काय हवे?

अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. इनपेजच्या जुन्या फायली थेट उघडत नाहीत. श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. काही प्रिंटर रुसतात. डिजिटल सहीचे काम असेल तर आधी खात्री करावी. पण यू-डायस प्लससारखी शाळेची रोजची कामे ब्राउझरमध्ये होतात, आणि ब्राउझर लिनक्सवरही तोच.

केरळने हे फार पूर्वी करून दाखवले. तिथल्या सरकारी शाळांतली मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात, आणि ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारित स्वतःची प्रणाली शाळांना पुरवते, मल्याळमसह. महाराष्ट्रात सी-डॅकसारखी संस्था पुण्यात असताना आपल्या जिल्हा परिषदेच्या मराठी आणि उर्दू शाळांना हे का जमू नये?

सुरुवात मात्र सरकारची वाट न पाहता करता येते. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घ्या. लॅपटॉपमधले काही न पुसता, तिथूनच चालवून पाहा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. पटले, तर आधी आपल्या फायलींची नक्कल दुसरीकडे ठेवा आणि मगच ते लॅपटॉपमध्ये बसवा. नंतर तोच पेनड्राइव्ह शेजारच्या शिक्षकाला द्या. ही एक नक्कल अशी आहे, जी कुणालाही देताना मान खाली घालावी लागत नाही.