टपावरचा सूर्य

सूर्याशी माझे वैयक्तिक वैर काही नाही. मार्च एंडिंगच्या दिवसांत आम्हां बँकवाल्यांची आणि त्याची गाठच पडत नाही, त्यामुळे आमचे संबंध चांगले राहिले आहेत. तरीही गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात माझ्या नावापुढे ‘यांचा सौरऊर्जेस विरोध’ अशी नोंद झाली. ज्या माणसाने साहेबांनी नामंजूर केलेल्या रजेलाही कधी विरोध केला नाही, तो सूर्याला काय विरोध करणार? म्हणून हा खुलासा.

आमची सोसायटी पुण्यातल्या एका टेकडीच्या अंगावर आहे. फाटकापासून शेवटची इमारत अर्धा किलोमीटर, आणि सगळा चढ. बिल्डरने याला ‘निसर्गरम्य’ म्हटले होते. म्हाताऱ्या गुडघ्यांना निसर्ग कळत नाही, म्हणून सोसायटीने एक जुनी सहा आसनी गोल्फ कार्ट घेतली. आमच्यात गोल्फ कोणी खेळत नाही; दांडा हातात घेण्याचा प्रसंग गच्चीवरची चिंच पाडण्यापुरताच. आजीमंडळी तिला ‘बॅटरीची गाडी’ म्हणतात. माझी आई, वय वर्षे 78, रोज भाजीला आणि गुरुवारी दत्ताला त्याच गाडीतून जाते.

हल्ली ही गाडी दुपारी तीननंतर चढावर धापा टाकते आणि बरोबर मध्यावर थांबते. आईला तिथून पिशवीसकट पायी यावे लागते. यावर कमिटीने उपाय काढला : गाडीच्या टपावर सोलर पॅनेल! विक्रेता आला, चहा प्याला आणि म्हणाला, “सूर्य फुकट आहे, साहेब!”

वीस वर्षे काउंटरमागे काढल्यावर ‘फुकट’ हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. टपाची जागा जेमतेम दोन चौरस मीटर. तिथे बसते 350 वॉटचे एक पॅनेल. स्वच्छ उन्हाचे पाच तास धरले आणि वाटेतली गळती वजा केली, तर दिवसाला मिळते सव्वा युनिट. गाडी सबमीटरप्रमाणे खाते साडेचार. म्हणजे सूर्याने दिवसभर घाम गाळला तरी चौथ्या हिश्श्याच्या आसपासच. दहा रुपये युनिट धरले तर बचत रोज साडेबारा रुपये. कोटेशन होते 32,000 चे, कारण पॅनेलचा दाब 48 व्होल्टच्या बॅटरीसंचाला पुरत नाही, तो चढवून देणारा कंट्रोलर वेगळा. भागाकार केला : 2,560 दिवस. सात वर्षे! तीही पावसाळा न धरता. जून ते सप्टेंबर पुण्यातला सूर्य आमच्या मॅनेजरसारखा असतो. केबिनमध्ये आहे असे म्हणतात.

“पण साहेब, थोडे थोडे जमतेच ना?” विक्रेता म्हणाला. जमते, मी कुठे नाही म्हणतो? पिग्मीचा एजंट रोज दुकानोदुकानी फिरून दहा-वीस रुपये जमवतो, त्याला मी मान देतो. गोल्फच्या मैदानावर ही पिग्मी शोभतेही. गाडी दिवसभर उघड्यावर, दोन फटक्यांमध्ये नुसती उभी. शिसे-आम्लाच्या बॅटरीला अर्धपोटी पडून राहणे मानवत नाही, आत सल्फेट धरते. तेव्हा उन्हाचा एकेक घास तिला लाभतो. पण आमची गाडी उभी असते कडुनिंबाखाली, आणि ती तिथे उभी असते याचे कारण तिच्यात माणसे बसतात. पॅनेलच्या कोपऱ्यावर एक फांदी डुलली तरी त्याचा बराच भाग मंदावतो, कारण आतले सेल एका माळेत ओवलेले. एका खिडकीवरचा कारकून चहाला गेला की सगळी रांग तुंबते, तसे. बरे, सव्वा युनिटासाठी गाडी उन्हात उभी करावी, तर बॅटऱ्या असतात सीटखाली. उकाड्याने त्यांचे आयुष्य घटते आणि तापलेल्या रेक्झीनवर बसणाऱ्या आजींचेही.

योगायोग पाहा. अमेरिकेत 1954 साली बेल लॅबने सिलिकॉनचा सौर सेल जगाला दाखवला, आणि त्याच साली जॉर्जियातल्या ऑगस्टात ई-झी-गो ही गोल्फ कार्टची कंपनी निघाली. तो सेल उन्हाचा सहा टक्के भाग विजेत बदलत होता. आजची पॅनेले वीस-बावीस टक्के बदलतात. प्रगती आहेच. पण टप तेवढाच राहिला ना!

आणि चेअरमनसाहेब, आपल्या डोक्यावर पाच इमारतींच्या गच्च्या आहेत. तिथे निंब नाही, फांदी नाही, पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून हवे तसे कलते ठेवता येते. 2024 साली निघालेल्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान ठेवले गेले, आणि त्यात गाड्यांचे चार्जिंगही धरले होते. सूर्य गच्चीवर पकडा, वीज तारेने खाली आणा, गाडी सावलीत राहू द्या. सभेत मी एवढेच म्हणालो. पण गच्चीवरचे पॅनेल फाटकातून येणाऱ्या पाहुण्याला दिसत नाही, आणि गाडीवरचे दिसते!

आता खरी भानगड. एका रविवारी मी सीट उचलली. सहा बॅटऱ्या, प्रत्येकी आठ व्होल्टची. बुचे उघडली तर निम्म्या घरांत पाणी नाही, प्लेटा उघड्या पडलेल्या. चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालायचे, एवढेच काम, ते वॉचमनला वाटे इलेक्ट्रिशियनचे, इलेक्ट्रिशियनला वाटे ड्रायव्हरचे, आणि ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, बॅटरी पाणीपण पिते?” शिवाय बॅटरीतली ठेव निम्म्याखाली काढू नये असा नियम, आमच्याकडे रोज खाते शून्यावर आणून वर ओव्हरड्राफ्ट मागतात. अशा खातेदाराला सूर्यच काय, रिझर्व्ह बँकही वाचवणार नाही.

ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात दोन मते : एक माझे, एक आईचे. आई सभासद नाही म्हणून तिचे बाद झाले.

पॅनेल बसले, उद्घाटन झाले, नारळ टपावरच फोडणार होते, ते मी वेळेवर थांबवले. गाडी अजून चढाच्या मध्यावरच थांबते. मी पदरचे पैसे घालून पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर आणले आणि व्हाउचर खजिनदारांकडे दिले. ते काल परत आले. वर शेरा आहे : ‘पाणीपट्टी वेगळी भरली जाते.’